काठाची तिसरी वेणी

फळबागांचा हंगाम महिन्यावर येऊन ठेपला, की त्या वस्तीत दिवस उजाडतो तो कोयत्याच्या ठोक्याने. अकरा घरांची वस्ती. अकराही अंगणांत बांबू उभा चिरला जातो, त्याच्या कामट्या सोलल्या जातात, त्या कामट्या पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवल्या जातात, आणि ओल्या हिरव्या सालीचा तुरट वास सगळ्या हवेत भरून राहतो. त्या वर्षी मात्र ठोका पंधरा दिवस आधीच सुरू झाला, आणि त्यात नेहमीचा निवांतपणा नव्हता.

कारण असे, की ज्या फळ कंपनीला ही अकरा घरे आजवर टोपल्या पुरवीत आली होती, तिच्या दारापासून हाकेच्या अंतरावर प्लॅस्टिकच्या खोक्यांचा एक कारखाना उभा राहिला होता. कंपनीने टोपली कारागीर मंडळाला पत्र धाडले. नवा करार करण्यापूर्वी तीनशे टोपल्यांची एक खेप पारखली जाईल. ती मापात न उतरल्यास आणखी एकच संधी मिळेल. तीही हुकली, तर हंगामाचे सगळे काम खोक्यांकडे जाईल.

मंडळाच्या अध्यक्षांनी हे पत्र अंगणात उभे राहून मोठ्याने वाचले. हे गृहस्थ वयाने साठीचे आणि शाळेतून चौथीतच उठलेले. वीस वर्षांपूर्वी मंडळाची नोंदणी करताना सहीवाचून घोडे अडले, अकरा घरांत सही करू शकणारा एकच पुरुष निघाला, आणि त्यायोगे ते अध्यक्ष झाले. तेव्हापासून त्यांचे नाव मागे पडले. वस्ती त्यांना अध्यक्ष म्हणते. इतकेच काय, रागावली म्हणजे बायकोदेखील अध्यक्षच म्हणते.

पत्राच्या शेवटी लिहिले होते, की सदर पारख आमचे पुरवठादार संबंध अधिकारी समक्ष येऊन करतील. त्याखाली जे नाव होते ते अध्यक्षांनी दोनदा वाचले. नाव त्यांच्या जावयाचे होते.

"कोण येणार म्हणालात?" शेजारच्या अंगणातून सुतळीने मान वर केली. हा माणूस उंच, वाळका, आणि बोलू लागला की उलगडतच जाणारा, म्हणून सुतळी.

"आपले जावईबापू."

"ते तर कंपनीच्या गोदामात होते ना?"

"बढती झाली असेल."

"मग बसा की आता पाय पसरून! पारखायला घरचाच माणूस. त्या खोकेवाल्यांना म्हणावं, आल्या वाटेनं जा माघारी."

आतून अध्यक्षीणबाई हात पुसत बाहेर आल्या. "जावई येणार, आणि सांगायला कंपनीचं पत्र? पोरीला तोंड नव्हतं का? घर सारवायचं राहिलंय, पडदा फाटलाय, आणि ह्यांना आत्ता कळतंय!"

वस्तीच्या शेवटच्या घरात एक मावशी राहत असे. विणकामात तिचा हात सगळ्यांत चपळ. तिने कामटी खाली ठेवली आणि जे म्हटले, त्यातून पुढचा सगळा अनर्थ ओढवला. ती म्हणाली, "आपल्या पोरीच्या घरचा माणूस साहेब होऊन येतोय. त्याच्यापुढं रोजच्याच टोपल्या मांडायच्या? काठाला एक वेणी जास्त घालू या की."

टोपलीचा काठ बारीक पट्ट्यांच्या दोन वेण्यांनी बंद करण्याची तिथे रीत आहे. तिसरी वेणी घालतात ती शोभेसाठी. ती वरून आडवी फिरते, आणि टोपलीचे तोंड एखाद्या भरल्या अंगाच्या बाईसारखे प्रसन्न दिसू लागते.

"मापाचं काय?" अध्यक्षांनी विचारले.

"आतलं तोंड तेवढंच राहतं. फळं काय काठावर बसतात?"

हे सगळ्यांना पटले, आणि खरे म्हणजे सगळ्यांना पटवूनच घ्यायचे होते. पुढचे नऊ दिवस अकरा घरांत चढाओढ लागली. एकाने वेणी बारीक घातली, तर दुसऱ्याने तिच्यात काळी पट्टी गुंफली. अध्यक्षांच्या घरी नवरा-बायको समोरासमोर बसून विणीत. बाईंच्या अंगठ्याला जुनी चीर होती, ती पाण्याने पुन्हा उमलली. त्यांनी तिच्यावर चिंधी बांधली आणि दाताने गाठ ओढली. अध्यक्षांचे गुडघे उतरत्या उन्हात कडकड वाजत. तथापि दोघांनीही हूं की चूं केले नाही. जावयाच्या डोळ्यांसमोर ही टोपली येणार, एवढ्या विचारानेच त्यांच्या बोटांना पंख फुटले होते.

ठरल्या दिवशी, उन्हे वर येण्याच्या सुमारास, जावई मोटारसायकलवरून आले. तिशीचा, गोल चेहऱ्याचा, एरवी हसतमुख मनुष्य. परंतु आज त्यांनी शर्टाचे वरचे बटण गळ्याशी आवळून लावले होते, आणि हसण्याचेही एक बटण कुठेतरी लावून टाकले होते. काखेत कागदांची फाइल होती, खांद्यावर एक मोठे लोखंडी कडे.

"या जावईबापू, या!" अध्यक्ष दोन्ही हात पसरून पुढे झाले.

"नमस्कार, अध्यक्ष महाशय," जावई म्हणाले.

अध्यक्षांचे हात जागच्या जागी खाली आले. लग्नाला सहा वर्षे झाली होती, आणि ह्या मुलाने त्यांना बाबा ह्याखेरीज दुसरी हाक मारलेली नव्हती.

बाई पाण्याचा तांब्या आणि पेला घेऊन आल्या. जावयांनी पेल्याकडे पाहिले, घसा खाकरला, आणि म्हणाले, "नको."

"थांबा, चहाच आणते."

"चहाही नको. कंपनीचा नियम आहे. पारखायला गेलेल्या माणसाने पुरवठादाराच्या घरचं काही घ्यायचं नाही. पाणीसुद्धा नाही."

"पुरवठादार म्हणजे कोण?" बाईंनी विचारले.

तीस-पस्तीस माणसे अंगणात गोळा झाली होती, आणि त्या सर्वांदेखत त्या माउलीच्या हातातला पेला तसाच भरलेला राहिला. अखेर तिने तो उंबऱ्यावर ठेवला आणि ती आत निघून गेली.

मग पारख सुरू झाली. जावयांनी कडे जमिनीवर ठेवलेल्या लाकडी घोडीवर आडवे बसविले. टोपली वरून सोडायची, ती कड्यातून खाली उतरली तर पास, अडकली तर नापास, इतका सरळ हिशेब. पहिली टोपली मावशीची होती. काठात काळी पट्टी गुंफलेली, देखणी. ती काठापर्यंत उतरली आणि अडकली. जावयांनी तिला हलकेच दाबले. ती उतरली नाही. दुसरी अडकली. तिसरी अडकली. चौथीच्या वेळी वस्तीला जरा हसू आले. पंधरावीला अंगणात कोणी श्वासही मोठ्याने घेईना.

"कडं चुकीचं आहे," सुतळी म्हणाला.

"कडं बरोबर आहे," जावई मान वर न करता म्हणाले. "शीतगृहातल्या एका फळीवर चार टोपल्या बसतात. काठ एवढा जाड असला, तर तीनच बसतील. म्हणजे चौथा हिस्सा फळं बाहेर उन्हात. काठाला हे काय केलंय?"

"तुमच्यासाठीच घातलीय हो ती वेणी," मावशी म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

जावयांनी हातातल्या टोपलीच्या काठावरून अंगठा फिरविला. एकदा, दोनदा. त्यांच्या कपाळावरून घामाचा ओघळ निघाला आणि भुवईत थांबला. मग त्यांनी ती टोपली नापासांच्या ढिगावर ठेवली. टाकली नाही, ठेवली. अध्यक्षांनी ते पाहिले.

दुपार कलेपर्यंत तीनशेपैकी अडतीस टोपल्या कड्यातून उतरल्या, आणि त्या साऱ्याच्या साऱ्या सुतळीच्या घरच्या निघाल्या. तिसरी वेणी घालण्याचा त्याने आळस केला होता. वस्तीने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिले, की पास होऊनही बिचाऱ्याला तोंड लपवायला जागा उरली नाही.

"पंधरा दिवसांनी दुसरी खेप," जावई म्हणाले. त्यांचा घसा आता कोरडा ठणठणीत पडला होता, शब्द फाटून येत होते. "कराराचे कागद ठेवून जातो. पेन्सिलीने खुणा केल्यात, तिथे सह्या करून ठेवा, अध्यक्ष महाशय."

"बरं, साहेब," अध्यक्ष म्हणाले.

साहेब हा शब्द जावयाला लागला. चेहऱ्यावर दिसलेच. परंतु शब्द तोंडातून सुटून गेला होता.

मोटारसायकलचा आवाज वळणापलीकडे विरला, तसे सगळे एकदम बोलू लागले. कोणी म्हणाले माणूस बदलला, कोणी म्हणाले खुर्ची बदलली की माणूस बदलतोच. सुतळी म्हणाला, "मुलगी आपली दिली, आणि माप परक्याचं आणतो?" अध्यक्षीणबाई स्वयंपाकघरात पाठमोऱ्या बसल्या होत्या. ओट्यावर जावयासाठी रांधलेले सगळे झाकून ठेवलेले होते.

"अध्यक्ष," त्या म्हणाल्या, "जेवून घ्या. पुरवठादाराला पुरवठादाराच्या घरचं चालतं ना?"

दुसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला. अध्यक्षांनी तो कानाशी घट्ट दाबून धरला, कारण बाई शेजारीच होत्या आणि आपण ऐकत नाही असे दाखवीत होत्या.

"बाबा, ते काल घरी आले ते माठापाशीच जाऊन बसले. चार पेले पाणी प्यायले. जेवले मात्र नाहीत. म्हणतात, आईच्या हातातला पेला डोळ्यांपुढून हलत नाही."

"मग एक घोट प्यायला काय झालं होतं?"

"घाबरतात हो ते. बाबा, तुम्हाला म्हणून सांगते. तुम्ही ह्यांचे सासरे आहात, हे त्यांनी कंपनीत सांगितलेलंच नाही. गोदामातून वर काढलं, त्याच आठवड्यात तुमच्या मंडळाचं काम हाती आलं. सांगितलं असतं तर काम काढून घेतलं असतं, कदाचित पुन्हा गोदामात पाठवलं असतं. म्हणून गप्प राहिले. आता गप्प बसलेत म्हणून तुमच्या घरचं पाणीही घशाखाली उतरत नाही."

अध्यक्षांनी फोन ठेवला आणि ट्रंकेतून कराराचे कागद काढले. एकेका ओळीवर बोट ठेवीत, ओठ हलवीत ते वाचत गेले. सातव्या पानावर पेन्सिलीची खूण नव्हती. तिथे लिहिले होते: कंपनीच्या ज्या अधिकाऱ्यामार्फत आपला व्यवहार होतो, त्याच्याशी संस्थेच्या पदाधिकाऱ्यांपैकी कोणाचे नाते आहे काय? असल्यास कोणते? खाली दोन बोटे रुंद कोरी जागा, आणि त्याखाली अध्यक्षांच्या सहीची.

त्यांनी ते पान बायकोला वाचून दाखविले.

"कोरं ठेवा," बाई लगेच म्हणाल्या. काल रागाने धुमसत होत्या, त्याच. "पोराची नोकरी जाईल. पोरीचं घर आहे ते."

"आणि उद्या कोणी उकरून काढलं तर? मंडळ खोटं, जावई खोटा. अकरा घरं घरी बसतील."

"मग काय लिहिणार आहात?"

"तेच कळत नाही."

सुतळीला कुठूनसा वास लागलाच. संध्याकाळी येऊन तो कुंपणावर रेलला. "कोरंच ठेवा, अध्यक्ष. आता जावई आपल्या मुठीत आले. दुसरी खेप डोळे मिटून पास करतील, बघा."

अध्यक्षांना अंगावर पाल पडावी तसे झाले. "मूठ उघड आणि घरी जा," ते म्हणाले.

इकडे कामाला खळ नव्हता. नव्या बांबूला वेळ नव्हता, म्हणून त्याच दोनशे बासष्ट टोपल्यांची तिसरी वेणी उसवायची असे ठरले. विणण्यापेक्षा उसवणे कठीण. पट्टी वाळून घट्ट बसलेली. ती पुन्हा भिजवायची, पत्र्याच्या टोकाने उचकटायची, आणि खालच्या दोन वेण्यांना धक्का न लावता ओढून काढायची. नखांखाली कुसे जात. मावशीही आपल्या काळ्या पट्ट्या काढीत होती. काढलेली प्रत्येक पट्टी मात्र सरळ करून बाजूला रचीत गेली. ज्यांनी चढाओढीने घातल्या, तेच आता एकमेकांच्या टोपल्या मांडीवर घेऊन उसवीत होते. अंगठ्याची चीर घेऊन अध्यक्षीणबाई सगळ्यांच्या पुढे होत्या.

"अहो," चौथ्या दिवशी त्या टोपलीतून डोळे न काढता म्हणाल्या. "सगळ्यांत आधी माझी टोपली अडकली असती, तरी त्यानं नापासच केली असती ना?"

"केली असती."

"मग असा माणूस खोटा कसा पडू द्यायचा?"

अध्यक्षांनी हातातला पत्रा खाली ठेवला. चार दिवस त्यांना जे सापडत नव्हते, ते ह्या बाईने मांडीवरच्या टोपलीतून काढून दिले होते.

पाचव्या दिवशी सकाळी सहाच्या बसने ते कंपनीत गेले. धुतलेला सदरा, कागदांची पिशवी, पाण्याची बाटली. उभ्या आयुष्यात त्यांच्या हजारो टोपल्या त्या फाटकातून आत गेल्या होत्या, ते स्वतः एकदाही गेले नव्हते.

"कोणाकडे?" पहारेकऱ्याने विचारले.

"संबंध अधिकाऱ्यांकडे."

"कोणत्या संस्थेतून?"

अध्यक्षांनी मंडळाचे पूर्ण नाव, नोंदणीच्या सालासकट, सांगितले. पहारेकऱ्याने त्यांच्या गळ्यात पाहुणा असे लिहिलेला एक पट्टा अडकविला. जावई धावत फाटकापर्यंत आले. उन्हात त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"बाबा, इथे? काय झालं? आई बऱ्या आहेत ना?"

बाबा म्हणाले, हे अध्यक्षांच्या ध्यानात आले. त्यांनी जावयाला भिंतीच्या सावलीत नेले आणि सातवे पान उघडून पुढे धरले.

"इथं पेन्सिलीची खूण राहिलीय."

जावई पानाकडे बघत राहिले.

"मी कोरी जागा ठेवून सही करणार नाही, जावईबापू. मला सही तेवढी एकच येते, ती खोट्यावर घालवायची नाही. पण तुमच्या पाठीमागं जाऊन लिहिणंही मला जमायचं नाही. म्हणून आलो. तुम्ही सांगता, की मी सांगू?"

आतून फळे घेऊन येणाऱ्या एका गाडीला वाट द्यायला दोघे भिंतीला चिकटले. गाडी गेल्यावर जावई म्हणाले, "रोज सांगायला म्हणून आमच्या प्रमुख बाईंच्या दारापर्यंत जातो. घसा सुकतो आणि परत येतो."

अध्यक्षांनी बाटली पुढे केली. "नियम घरचा आहे ना? हा रस्ता आहे."

जावयांनी बाटली घेतली आणि मान मागे टाकून, मध्ये न थांबता, ती तळापर्यंत रिकामी केली. पाणी हनुवटीवरून ओघळून आवळलेल्या बटणापर्यंत आले. त्यांनी मनगटाने तोंड पुसले, बटण उघडले आणि म्हणाले, "चला. मीच सांगतो."

खरेदी खात्याच्या प्रमुख बाईंना सगळी कंपनी मोठ्या बाई म्हणे. चणीने त्या इतक्या लहानखुऱ्या होत्या, की मेजापलीकडून त्यांचे डोके आणि चष्मा तेवढा दिसत होता. जावयांनी उभ्यानेच सगळे सांगितले. बाईंनी मध्ये एकदाही अडविले नाही. अध्यक्ष शेजारच्या बाकावर पिशवी मांडीत घट्ट धरून बसले होते.

"पहिली खेप तुम्ही नापास केलीत," बाई शेवटी म्हणाल्या. "दोनशे बासष्ट."

"काठ जाड होता, बाई."

"ते मी पाहिलं. काठ जाड नसता तर? खरं सांगा."

जावई खाली बघू लागले. "तरी वीस-पंचवीस बाजूला काढल्या असत्या. कोणी म्हणायला नको, की सासऱ्याच्या म्हणून घेतल्या."

"म्हणजे धडधाकट टोपल्या नापास." बाईंनी चष्मा काढला. "कोणी सासऱ्याला झुकतं माप देतो, तुम्ही हिसका दिला असतात. मला दोन्ही चालत नाही. अहो, ह्या कंपनीला चाळीस संस्था माल देतात. त्यांतल्या कोणात कोणाचा भाऊ निघतो, कोणाचा साडू. निघाला की मी तिथे दुसरा माणूस पाठवते. एवढंच काम असतं. तुम्ही मला ते एवढंही करू दिलं नाहीत."

"चुकलं, बाई."

"ताकीद लेखी मिळेल. ती तुमच्या नावावर राहील. गोदामात पाठवत नाही, कारण तिथे कामाचा माणूस आलाय." मग त्या अध्यक्षांकडे वळल्या. "आणि तुम्ही कशाला आलात इतक्या लांब? कागद टपालानं आले असते."

अध्यक्ष उभे राहिले. मनातल्या मनात त्यांनी एक मोठे, सजविलेले वाक्य जुळवून आणले होते. ते ऐन वेळी सांडून गेले. "पोरगा एकटा पडला असता," ते म्हणाले.

मोठ्या बाईंनी चष्मा पुन्हा लावला, काच पुसायची राहिली म्हणून पुन्हा काढला. "त्या खुर्चीवर बसून लिहा," त्या म्हणाल्या. "बाकावर मांडी अपुरी पडते."

अध्यक्षांनी कोऱ्या जागेत लिहिले: होय, जावई. आणि खाली सही केली. ती जरा वर चढली, पण स्पष्ट आली.

"तुमच्या मंडळाकडे दुसरे अधिकारी येतील," बाई म्हणाल्या. "आणि तुम्ही," हे जावयाला, "आजपासून खोक्यांचा कारखाना सांभाळा. तिथे कोणी मामा, काका?"

"नाही, बाई."

"नीट आठवून सांगा."

"खरंच नाही, बाई."

दुसरी खेप एका अनोळखी, कमी बोलणाऱ्या अधिकाऱ्याने पारखली. तीनशेपैकी दोनशे एक्क्याऐंशी कड्यातून उतरल्या. ज्या अडकल्या, त्यांतल्या नऊ सुतळीच्या होत्या. पहिल्या वेळी पास झाल्याचा हुरूप येऊन त्याने आपल्या उतरलेल्या टोपल्यांची वेणी पुन्हा घट्ट करण्याच्या नादात पट्टीच जाड घेतली होती. वस्तीला फार बरे वाटले. आठवड्याने करार आला. अर्धा माल टोपल्यांतून जाईल, अर्धा खोक्यांतून, आणि पुढच्या हंगामाचे पुढे पाहिले जाईल. संपूर्ण काम राहिले नाही म्हणून काही जण कुरकुरले. पण अकराही घरांना हंगाम मिळाला होता, आणि जे हातातून गेले त्याच्यासाठी रडत बसायला बोटे मोकळी नव्हती.

त्यानंतरच्या सुट्टीच्या दिवशी लेक आणि जावई आले. जावई साध्या कपड्यांत होते. दुपारी ते तीन वेळा वाढून घेऊन जेवले. चौथ्या वेळी बाई वाढायला वाकल्या, तेव्हा हात आडवा धरून म्हणाले, "आई, आता नियम नाही, पोट आड येतंय." लेक इतकी हसली, की तिला ठसका लागला.

जेवणे झाल्यावर सगळे अंगणात टेकले. मावशी आली, सुतळी कुंपणावर रेलला. मनात सगळ्यांच्याच होते, विचारले मात्र बाईंनी.

"खोकी कशी आहेत हो?"

जावयांनी एकदा सासऱ्याकडे पाहिले. मग म्हणाले, "चांगली आहेत, आई. फार चांगली आहेत."

सुतळीने कपाळाला हात लावला. लेकीने नवऱ्याला कोपराने ढोसले. पहिल्यांदा हसले ते अध्यक्ष. आधी खांदे हलले, मग पोट, मग डोळ्यांत पाणी आले.

"हा असा आहे बघा," ते बायकोला म्हणाले. "ह्याला जेवू घाला, पाणी पाजा, बोलेल ते मापाचंच." आणि डोळे पुसून त्यांनी विचारले, "कशात चांगली?"

"उचलायला. दोन्ही बाजूंना हात घालायला खाच आहे. हमालांच्या बोटांना काठ कापत नाही. आपल्या टोपलीला कुठे धरायचं तेच कळत नाही, बाबा. काठाला धरलं की बोटं चिरतात."

मावशीने स्वतःच्या बोटांकडे पाहिले. अध्यक्ष उठले. गुडघे कडकडले, तिकडे त्यांनी लक्ष दिले नाही. टाकीतून त्यांनी ओली कामटी काढली, अर्धवट विणलेली एक टोपली पालथी घातली, आणि काठाच्या दोन बोटे खाली पट्टी वळवून हाताएवढी एक फट मोकळी सोडून पाहिली. मावशी शेजारी येऊन बसली. "वळण आतून घ्या," ती म्हणाली, "बाहेरून घेतलं तर जाडी वाढेल, पुन्हा कडं आहेच." सुतळी कुंपण ओलांडून आत आला. फटीच्या कडांना गुंडाळायला पट्टी बारीक हवी की रुंद, ह्यावर तिघांचे वाजले.

जावई वाकून बघत होते. "बाबा, मी सांगू का? खोक्याला ती खाच नेमकी..."

अध्यक्षांनी टोपली झटकन छातीशी धरली.

"जावईबापू, तुम्ही आता कोणाचे अधिकारी?"

"खोक्यांच्या कारखान्याचे."

"मग असे बाहेर ओट्यावर जाऊन बसा. तिकडं तोंड करून. हा नमुना आमच्या नव्या अधिकाऱ्यांना दाखवून होईपर्यंत तुम्हाला दिसता कामा नये."

बाई म्हणाल्या, "अहो, जावयाला कुठे असं..." परंतु जावई उठलेसुद्धा होते. त्यांनी आपला बसायचा पाट काखेत मारला, ओट्यावर नेऊन ठेवला, आणि रस्त्याकडे तोंड करून, हात गुडघ्यांवर ठेवून बसले. त्यांचे खांदे हसण्याने हलताना अंगणातून स्पष्ट दिसत होते. त्यांनी मागे वळून मात्र एकदाही पाहिले नाही.